अठ्ठाविसावा दात

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की चिमटी सगळ्यात आधी तोंड पाडायची. इतकं पाडायची, की शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं, कापला वाटतं?" ती नुसता सुस्कारा सोडायची. सुस्काऱ्याला पैसे पडत नाहीत आणि तो सोडणाऱ्याकडे कुणी उसने मागत नाही, हे ती चांगलं शिकली होती. मग पाच मिनिटांनी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, ती फोनवर अंगठा फिरवायची, पाच हजार बचतीच्या खात्यात ढकलायची आणि मांजरीच्या पावलांनी कोपऱ्यातल्या फळीकडे जायची. तिथे, इतरांच्या कामांच्या मागे, तिचं हसू ठेवलेलं असायचं.

हसू म्हणजे अक्षरशः हसू. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं यायची, इथे त्यांचे दगडी साचे ओतायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात चिमट्याने बसवत जायचं. मग मेण वितळवून त्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरायचं, ते शिजवायचं आणि घासूनपुसून कवळी तयार. दात बसवण्यात तिचा हात असा, की बसवलेला दात जणू आईच्या पोटातूनच तिथे आलाय. म्हणून चिमटी. आणि चिमटी म्हणण्याचं दुसरंही एक कारण होतं, ते तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही. एकदा सगळ्यांनी मिळून चहा मागवला तेव्हा तिने स्वतःच्या वाट्यातून न खाल्लेल्या बिस्किटाचे पैसे वजा केले होते.

पण ही पोर अशी जन्मजात नव्हती हो. ह्याच्या आधीच्या लॅबमध्ये होती तेव्हा चांगली हात सैल सोडून राहायची. हप्त्यांवर बूट घ्यायची, मैत्रिणींची बिलं भरायची. आणि एका सकाळी कामावर गेली तर शटरला कुलूप आणि मालकाचा फोन बंद! दोन महिन्यांचा पगार बुडाला. हातात काय उरलं, तर बूट. तेही अर्धेच तिचे, अर्धे दुकानाचे.

तेव्हा मामा धावून आला. खोली सोडायला लावली, सामान स्वतः डोक्यावर घेतलं आणि तिला आपल्या घरच्या सोफ्यावर आणून टाकलं. स्वतः तो त्या सोफ्यावरच झोपायचा, कारण मामीच्या मते त्याचं घोरणं आतल्या खोलीत मावत नसे. आता तो जमिनीवर झोपू लागला. "पाठीला बरं असतं गं," म्हणायचा आणि सकाळी उठताना कण्हायचा. चार महिने असे गेले. चिमटीने त्या सोफ्यावर पडल्या पडल्या मनाशी ठरवलं, की नोकरी लागली की सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा. त्याला हात लावायचा नाही. जग बुडालं तरी पुन्हा कुणाच्या सोफ्यावर यायचं नाही.

नोकरी लागली. पहिले पाच हजार साठले तेव्हा तिला इतका आनंद झाला, की तिने दोन मैत्रिणींना जेवायला नेलं. बिल भरलं आणि बचत निम्मी झाली. पुढच्या वेळी पुन्हा पाच पूर्ण झाले, पुन्हा आनंद झाला. आनंदाने पिशवीला भोक पाडलं. तिसऱ्यांदा मात्र तिने डोकं चालवलं. आनंद तर करायचाच, नाहीतर माणूस कंटाळून सगळंच सोडून देतं. पण तो फुकट असला पाहिजे. लॅबमध्ये एका डब्यात उरलेसुरले दात पडलेले असायचे. कुठल्या संचातला एक, कुठल्या संचातले दोन, कुणाची छटा दुधाळ, कुणाची पिवळसर. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "घे की, मला काय त्यांची माळ करायचीये?" आणि चिमटीने एका जुन्या साच्यावर मेण चढवून, पाच हजारांचा पहिला दात बसवला.

तो साचा मामाचा होता. शिकत असताना सरावाला माप हवं होतं, तेव्हा मामाने आनंदाने आपलं बोळकं पुढे केलं होतं. साच्याच्या तळाशी तिने पेन्सिलने लिहिलेलं "मामा" अजून तसंच होतं.

अशी ती दर पाच हजारांना एक दात बसवत गेली. सगळे मागून सुरुवात न करता पुढून करतात. ही मात्र दाढांपासून पुढे सरकली. पुढचा वरचा दात, जो हसताना पहिला दिसतो, तो तिने शेवटासाठी राखून ठेवला. वरचे चौदा, खालचे चौदा, अठ्ठावीस दात झाले की सहा महिन्यांचा खर्च पुरा. शिवाय प्रत्येक दाताबरोबर थोडी चिल्लर ती एका वेगळ्या खात्यात टाकायची. त्याचं नाव तिने जल्लोष ठेवलं होतं. अठ्ठाविसावा दात बसला, की एका मोठ्या हॉटेलात खोली घ्यायची आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर दुपारभर झोपायचं. बस्स. एवढाच तिचा जल्लोष.

सत्तावीस झाले. एकच राहिला. आणि नेमका तेव्हा मामाचा फोन आला, की मी तुझ्या लॅबवर येतोय, काम आहे.

मामाचं काम म्हणजे काय ते चिमटीला सांगायची गरज नव्हती. मामाला दात बसवायचे होते. गेली कित्येक वर्षं बसवायचे होते. मामा आठवड्यातून एकदा चौकापलीकडच्या सभागृहात निरूपण करायचा, गाऊन गाऊन. देवाच्या गोष्टी सांगता सांगता मध्येच असा सूर लावायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण दात गेल्यापासून त्याचे शब्द पसरट झाले होते. "सत्य" म्हणायला जायचा, तर हवाच बाहेर पडायची. पुढच्या रांगेतल्यांना तर तुषारही मिळायचे. म्हणून नातेवाइकांनी दातांसाठी त्याला तीनदा पैसे दिले होते. पहिल्यांदा दिले, ते सभागृहाच्या गळक्या छपरात गेले. दुसऱ्यांदा दिले, ते कुणा विद्यार्थ्याच्या फीमध्ये गेले. तिसऱ्यांदा मामाने शपथ घेतली, दवाखान्याच्या दारापर्यंत गेला आणि दारात एक रडणारी बाई भेटली. मामाच्या कानावर कुणाचं दुःख पडलं, की त्याच्या खिशातला पैसा आपण होऊन उठून उभा राहायचा. ह्याला वाईट तरी कसं म्हणायचं? मामी म्हणायची, "ह्या माणसाला देवाने हात दिले ते फक्त सोडायला. मूठ म्हणून ती कधी वळतच नाही."

आता राहिली होती ती चिमटी. तिला नाही म्हणता येणार नव्हतं. चार महिने जो माणूस जमिनीवर झोपला, त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि हो म्हटलं, तर सत्तावीस महिन्यांचे सुस्कारे पाण्यात.

तिने ठरवलं, की मामा यायच्या आत हसू लपवावं. त्याने साच्यावर आपलं नाव वाचलं आणि हे काय म्हणून विचारलं, की तिला खोटं रेटून बोलता यायचं नाही. ती फळीकडे गेली. इतर कामं बाजूला सारली. फळी रिकामी.

"काका!" ती ओरडली.

पॉलिशवाले काका घासायच्या मशीनवर होते. त्या घरघरीत त्यांना अर्धं आयुष्य कमी ऐकू येत आलं होतं. तिने जाऊन त्यांचा खांदा हलवला.

"काका, इथे मागे एक मेणातला सेट होता."

"तो व्हय? केला की!"

"केला म्हणजे?"

"म्हणजे शिजवला, घासला, चमकवला. कधीचा पडून होता गं मागे. मला वाटलं, राहून गेलाय बिचारा पेशंट. कुणीतरी कोपऱ्यात सारून दिलाय. काल तू गेल्यावर हातासरशी करून टाकला." काका अभिमानाने हसले. "तुझंच काम ना? बसवणीवरून ओळखलं मी."

"अहो, पण त्यात समोरचा एक दात नव्हता!"

"नव्हताच की. मी काय आंधळा आहे? पेशंटचा स्वतःचा एक दात शिल्लक असणार. साच्यावरचा दगडी दात मोडून पडला असेल, नेहमी मोडतो. म्हणून मी ती जागा बघ कशी गोल, गुळगुळीत सोडलीये. त्याचा दात तिथे असा मस्त येऊन बसेल." त्यांनी ड्रॉवरमधून डबी काढली. "मामा म्हणून आहे कुणीतरी. आडनाव असेल."

चिमटीने डबी उघडली. सव्वादोन वर्षांची बचत आत गुलाबी होऊन चकाकत होती. समोर मधोमध एक खिंडार. मेण असतं तर दात खोचून बसवला असता. पण आता सगळं पक्कं. तिला हसावं की रडावं कळेना. दोन्ही करायला वेळही नव्हता, कारण दारात मामा उभा होता.

"चिमटे!" मामाने हाक मारली. बोळक्या तोंडाने म्हणताना ते फारच मऊ आणि गोड लागायचं. "किती वाळलीस गं! खातेस की नाही?"

"खाते रे मामा. बस."

मामा स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं बोलला. मामीचे गुडघे कसे आहेत, सभागृहात आता किती माणसं येतात. मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर अलगद ठेवला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला दातांच्या खर्चाचा अंदाज होता.

"ह्या वेळी मी बसवणारच," मामा म्हणाला. "देवाची आण. आता तोंडातून देवाचं नाव नीट निघत नाही, ह्याचं मला फार वाटतं बघ. एवढे तुझ्याकडे असतील असं नाही म्हणत मी. तू तर सारखी ओढगस्तीतच असतेस. पण जमलं तर, अर्धे तरी..."

चिमटीने सुस्कारा सोडायला श्वास घेतला. पण सुस्कारा आलाच नाही. मामाकडे बघून यायचाच नाही तो. तिने फोन उचलला. खातं उघडलं. आकडा समोर होता, सत्तावीस दातांचा. अंगठा वर अधांतरी राहिला.

"मामा, एक विचारू? खरं सांगशील?"

"मी निरूपण करतो गं. खोटं बोललो तर दुसऱ्या दिवशी आवाज बसतो माझा."

"ह्या पैशांचे दातच होणार ना?"

मामाने टेबलावरच्या कागदाची घडी पुन्हा घातली. मशीन थांबलं होतं. काका कापडाने हात पुसत कान टवकारून उभे.

"बहुतेक," मामा म्हणाला.

"बहुतेक?"

"म्हणजे दातच. पण आधी सभागृहाच्या चौकीदाराची मोटारसायकल. इंजिन गेलंय बिचाऱ्याचं. लांब राहतो. पोराला शाळेत सोडायला ती एकच गाडी. ती सुधारली, की तो महिन्याला थोडे थोडे परत देणार आणि ते आले, की दात." मामाने हात पसरले. "दातांचं काय गं, ते गेले तरी माणूस राहतो. मोटारसायकल गेली की माणूस जागच्या जागी बसतो."

चिमटीने फोन पालथा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती मामाला नाही म्हणणार होती, आणि तेही त्याच्याच घरच्या सोफ्याची आठवण मनात जिवंत असताना.

"मामा, पैसे नाही देणार मी तुला."

"नाहीयेत का?"

तिला सहज नाहीयेत म्हणता आलं असतं. सव्वादोन वर्षं ती तेच म्हणत आली होती.

"आहेत. पण नाही देणार. ते मी साठवलेत, पुन्हा तुला जमिनीवर झोपायला लागू नये म्हणून." तिने डबी त्याच्यापुढे सरकवली. "पैसे देत नाही. दात देते. हे घे."

काकांनी डबीकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे मामा म्हणजे तुझे मामा होय!"

मामाने डबी उघडली. मग इकडेतिकडे बघत, लहान मुलाने चोरून खाऊ तोंडात टाकावा तसं वरचं टाकलं, खालचं टाकलं. माप दिल्यापासूनच्या चार वर्षांत जबडा जरा आकसला होता, त्यामुळे खालची कवळी सैल हलत होती. पण वरची बसली. मामाने ओठ मागे घेतले. काकांनी आरसा पुढे धरला.

"प्रत्येक दाताचा रंग वेगळा आहे गं," मामा म्हणाला.

"उरलेले आहेत. राग आला?"

"राग? खऱ्या दातांचे रंग असेच असतात. सगळे एकसारखे पांढरेशुभ्र असते तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने दुकान लावलंय तोंडात." आणि त्याने डोळे मिटून एक सूर लावला.

सूर चांगला लागला. "स" स्वच्छ निघाला, "त" टणटणीत. फक्त समोरच्या खिंडारातून मध्येच एक बारीक शीळ आली, अशी गोड, की बाहेरच्या खोलीतून मालकीणबाई आत डोकावल्या. "पाखरू शिरलं का रे आत?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दात असे तोंडात घालून चालत नाही. चिमटीने मामाला त्याच पावली खाली डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी खालच्या कवळीला आतून अस्तर दिलं, टोचत होतं तिथे घासलं, पुन्हा पुन्हा चावायला लावलं. त्या सगळ्याची फी चिमटीने जल्लोषच्या खात्यातून भरली. खातं जवळजवळ रिकामं झालं. हॉटेलातली पांढरी चादर डोळ्यांपुढून उडून गेली. पण बचतीचा आकडा जागच्या जागी होता, आणि तिचं फळीवरचं हसू एवढं मोठं ह्याआधी कधीच हसलं नव्हतं.

"समोरचा तेवढा राहिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी घेऊन या. लगेच जोडून देऊ."

"पगार झाला की," चिमटी म्हणाली.

त्या आठवड्याच्या निरूपणाला ती मुद्दाम गेली. मागच्या रांगेत, मामीशेजारी. मामा काय सुटला होता! विषय होता साठवण्याचा. आजवर मामाने ह्या विषयाच्या वाऱ्यालाही कधी उभं राहायचं नाही असं ठरवलेलं. आज मात्र तो गाऊन सांगत होता, की देव कणसात एकेक दाणा कसा नीट बसवतो, घाई करत नाही, दाण्याला दाणा लागून कणीस भरतं, आणि भरलेलं कणीस मग कुणाच्या तरी पोटात जातं. मध्येच शीळ वाजायची. वर तुळईवर एक चिमणी बसलेली, ती प्रत्येक शिळेला मान वळवून बघायची. लोक डोलत होते. चिमटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐका," मामा शेवटी म्हणाला, "हे दात माझ्या भाचीने दिलेत. सत्तावीस दिले. जिवाला चिमटा घेऊन, एकेक करून. आता लोकहो, एकच राहिलाय." त्याने ओठ वर करून खिंडार सगळ्यांना दाखवलं. "देवाचं नाव इथून निसटतं हो! तुम्ही असाल, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला भोक राहावं? थेंब थेंब टाका. दात होईल."

ताट फिरलं. लोकांनी भरभरून टाकलं. चिमटी आ वासून बघत राहिली.

"ह्यात तर अख्खी कवळी होईल," ती मामीच्या कानात म्हणाली.

"कवळी कसली," मामी शांतपणे म्हणाली. "इंजिन."

दुसऱ्या दिवशी चौकीदाराची मोटारसायकल गॅरेजात गेली.

पगार झाला. चिमटीने ह्या वेळी तोंड पाडलं नाही. सगळ्यांच्या देखत पाच हजार टाकले, आकडा पुरा झाला, आणि काकांना तिने स्वतःच्या पैशांनी बिस्किटाचा अख्खा पुडा दिला. काकांनी तो उजेडात धरून उलटसुलट तपासला. मग समोरचा तो एक दात रुमालात बांधून ती मामाकडे गेली.

"कवळी काढ बघू. जोडून आणते. झाले माझे अठ्ठावीस."

मामाने ओठ गच्च मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

"अरे, असं काय लहान मुलासारखं?"

"राहू दे गं ते भोक," मामा ओठांच्या फटीतून म्हणाला. "शाळेतल्या शिपायाच्या बायकोचं ऑपरेशन आहे."

चिमटीने रुमालाची गाठ पुन्हा आवळली. मग हसायला लागली. हसता हसता सोफ्यावरच बसली. पोटात दुखेपर्यंत हसली आणि नाइलाजाने आडवी झाली. मामी आतून एक चादर घेऊन आली. पांढरी, धुऊन धुऊन मऊ झालेली.

"ऊठ, ही घालते खाली. तू कधीतरी म्हणाली होतीस ना, दुपारभर झोपायचंय."

"मामी, हॉटेलातलं म्हणाले होते मी."

"हॉटेलात कोण घोरणार? झोप."

ह्या सोफ्यावर पुन्हा यायचं नाही असं जिने ठरवलं होतं, ती त्या चादरीवर हातपाय ताणून पडली. आज ती इथे यावं लागलं म्हणून आली नव्हती, यावंसं वाटलं म्हणून आली होती. मुठीत तो एक दात होता, रुमालात. उद्या फळीवर नवा साचा ठेवायचा, पुढच्या मोजणीचा पहिला दात हाच. साचा कुणाचा घ्यायचा, काकांचा की मालकीणबाईंचा, ह्याचा विचार करता करता तिचे डोळे जड झाले.

दारात कुणीतरी आलं होतं. मामा हळू आवाजात, तिची झोप मोडू नये अशा बेताने त्याला सांगत होता,

"काही नाही हो, एकच दात राहिलाय..."

आणि एक बारीक, गोड शीळ वाजली.